मुलीच्या शाळेच्या पत्रावर ‘डायरेक्टर, फेडरल प्रोग्राम्स’ अशी सही आहे. हा केंद्र सरकारचा अधिकारी असतो का?

नाही. तो तुमच्या स्कूल डिस्ट्रिक्टचाच, म्हणजे त्या भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या स्थानिक संस्थेचाच, नोकर असतो आणि व्हिसाशी त्याचा काडीचाही संबंध नसतो.

तुम्ही लिहिलंय की एच-वन-बी व्हिसावर नुकतेच डॅलसच्या बाहेर राहायला आलात, मुलीला पहिलीत घातलं आणि काही दिवसांतच ‘तुमच्या मुलीला इंग्रजीसाठी मदतीची गरज आहे’ असं पत्र आलं. खाली ही सही. ‘फेडरल’ हा शब्द वाचून पोटात गोळा आला असेल तर नवल नाही. मी टेक्सासमधल्याच एका डिस्ट्रिक्टच्या हिशेब खात्यात काम करते. फेडरल ग्रँटची बिलं माझ्या टेबलावरून जातात, त्यामुळे या पदावरच्या माणसाशी माझी रोजची हुज्जत असते.

अमेरिकेतल्या सरकारी शाळा मुख्यतः घरपट्टीवर आणि राज्याच्या पैशावर चालतात. वॉशिंग्टनचा वाटा एरवी दहा टक्क्यांच्या आतबाहेर. हा पैसा आधी राज्याकडे, म्हणजे आपल्याकडे टेक्सास एज्युकेशन एजन्सीकडे येतो आणि तिथून डिस्ट्रिक्टला मिळतो. त्यासाठी अर्ज करणं, तो कुठल्या शाळेला किती द्यायचा हे ठरवणं, आणि झालेला खर्च नियमात बसतो हे कागदावर सिद्ध करणं, ही फेडरल प्रोग्राम्स डायरेक्टरची जबाबदारी.

या केंद्राच्या पैशामागचा मूळ कायदा १९६५ चा. अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी टेक्सासमध्येच, लहानपणी ज्या एकखोली शाळेत ते शिकले होते तिच्यासमोर, आपल्या पहिल्या शिक्षिकेला शेजारी बसवून त्यावर सही केली. पुढे त्याची नावं बदलत गेली. २०१५ पासून जी आवृत्ती लागू आहे तिला ‘एसा’ (एव्हरी स्टुडंट सक्सीड्स अ‍ॅक्ट) म्हणतात. तिचा सगळ्यात मोठा भाग टायटल वन, गरीब वस्तीतल्या शाळांसाठी, वर्षाला १८ अब्ज डॉलरच्या आसपास. टायटल टू शिक्षकांच्या प्रशिक्षणासाठी, टायटल थ्री इंग्रजी शिकणाऱ्या मुलांसाठी, टायटल फोरमध्ये इतर बरंच काही.

या सगळ्याचा गाभा एकच: हा पैसा भर म्हणून वापरायचा, बदली म्हणून नाही. टायटल वन मिळतंय म्हणून डिस्ट्रिक्टने त्या शाळेचा स्वतःचा पैसा आखडता घ्यायचा नाही. केंद्राचा एक डॉलरही आला नसता तरी या शाळेला आम्ही इतकेच शिक्षक आणि इतकेच पैसे दिले असते, हे लेखी सूत्राने दाखवावं लागतं. ऐकायला सोपं वाटतं. पण मार्च महिन्यात बजेटला भोक पडलं की प्रत्येकाची नजर त्या ग्रँटवर जाते. ‘वाचनाची जादा शिक्षिका आहे ना, तिला नेहमीचा वर्ग देऊ आणि पगार टायटल वनमधूनच चालू ठेवू,’ असं कोणीतरी सुचवतंच, आणि डायरेक्टरला नाही म्हणावं लागतं. माझ्या मते या नोकरीचा निम्मा पगार नाही म्हणण्याचा असतो.

पैसे वाटतानाही तेच. साधारणपणे, शाळांची यादी गरिबीच्या टक्केवारीनुसार लावायची, ७५ टक्क्यांच्या वरच्या शाळांना आधी द्यायचं आणि मग खाली उतरायचं. मधली शाळा गाळून खालच्या शाळेला देता येत नाही, मग तिथला प्रिन्सिपल कितीही गोड बोलो किंवा बोर्डाच्या सदस्याचा फोन येवो. शाळेत किमान ४० टक्के मुलं गरीब असतील तर तो पैसा सगळ्या शाळेसाठी वापरता येतो. त्याहून कमी असतील तर सहसा फक्त मागे पडलेल्या ठरावीक मुलांसाठी, आणि मग कोण कुठल्या मुलाला शिकवतंय याचीही नोंद आली.

नोंदींबद्दल मी तासभर बोलू शकते. एखाद्या शिक्षिकेचा अर्धा पगार टायटल वनमधून आणि अर्धा स्थानिक पैशातून जात असेल, तर तिचा वेळ खरोखर तसाच विभागला गेला याचा पुरावा लागतो. ती प्रमाणपत्रं गोळा करायला डायरेक्टर शाळाशाळांतून फिरतात आणि मी त्यांच्या मागे फिरते. ऑडिटमध्ये पुरावा सापडला नाही तर तो पगार डिस्ट्रिक्टला पदरचा परत भरावा लागू शकतो. ग्रँटमधून घेतलेल्या लॅपटॉपवर तशी चिठ्ठी लागते आणि तो कुठल्या खोलीत आहे हे सांगता यावं लागतं. पालकसभेला थोडं खायला ठेवलेलं सहसा चालतं, शिक्षकांच्या पार्टीचा केक चालत नाही. केकचं बिल दरवर्षी येतंच.

भारतातून आलेल्यांना आश्चर्य वाटतं ते खाजगी शाळांचं. डिस्ट्रिक्टच्या टायटल वन भागात राहणारं मूल एखाद्या चर्चच्या शाळेत जात असेल आणि अभ्यासात मागे असेल, तर त्याच्या हिश्शाची मदतही सरकारी डिस्ट्रिक्टने पुरवायची असते. रोख रक्कम मात्र त्या शाळेच्या हाती जात नाही. शिकवणीची सोय डिस्ट्रिक्ट करतो आणि त्यासाठी डायरेक्टरने खाजगी शाळांच्या मुख्याध्यापकांशी आधी रीतसर चर्चा करायची असते.

मोठ्या डिस्ट्रिक्टमध्ये यातल्या एकेका कामाला वेगळा माणूस असतो. लहान ठिकाणी सगळ्या टोप्या एकाच डोक्यावर. तुमच्या पत्रावर ही सही आहे म्हणजे तुमच्याकडे इंग्रजीचा कार्यक्रमही बहुधा हीच व्यक्ती बघते. बेघर मुलांची जबाबदारीही अनेकदा तिच्याचकडे असते. बेघर म्हणजे फक्त रस्त्यावरचे नव्हेत, घर गेल्यामुळे नातेवाइकांकडे कोंबून राहणारेही त्यात येतात. अशा मुलाला कागदपत्रं नसली तरी लगेच वर्गात बसवायचं, असा केंद्राचा कायदा आहे. हिशेबाच्या कटकटीत ही बाजू बाहेरच्यांना दिसत नाही.

२०२५ च्या उन्हाळ्यात या लोकांची खरी परीक्षा झाली. १ जुलैला मिळायचे टायटल टू, थ्री, फोर वगैरेचे मिळून सुमारे ६.८ अब्ज डॉलर केंद्राने आदल्या दिवशी कळवून रोखून धरले. तोवर पुढच्या वर्षाच्या नेमणुका झालेल्या होत्या. महिनाअखेरीस पैसे सोडले, पण मधले ते आठवडे देशभरातल्या डायरेक्टरांनी कोणाला ठेवायचं आणि कोणाला नाही याच्या दोन-दोन याद्या करण्यात घालवले. माझ्या मते इतक्या उशिरा असा खेळ करणं हा निव्वळ बेजबाबदारपणा होता.

आता तुमचं पत्र. प्रवेशाच्या वेळी घरच्या भाषेचा फॉर्म भरलात, त्यात मराठी लिहिलंत. त्यावरून मुलीची इंग्रजीची चाचणी झाली आणि निकाल पालकांना कळवणं कायद्याने बंधनकारक असल्यामुळे पत्र आलं. गंमत अशी की टायटल थ्रीचे पैसे या चाचणीवर खर्च करताच येत नाहीत. इंग्रजी न येणाऱ्या मुलांना समजेल अशी सोय करणं हे सर्वोच्च न्यायालयातल्या १९७४ च्या लाउ खटल्यापासून शाळांचं मूळ कर्तव्य आहे, तेव्हा त्याचा खर्च इतर पैशांतून करायचा आणि टायटल थ्री त्यावर भर म्हणून. सही फेडरलवाल्याची, खर्च मात्र डिस्ट्रिक्टच्या घरचा.

एसा कायद्यातच ‘इमिग्रंट विद्यार्थी’ अशी एक मोजणी आहे. परदेशात जन्मलेलं आणि अमेरिकेतल्या शाळांत तीन पूर्ण वर्षं न झालेलं मूल त्यात येतं. तुमची मुलगीही येईल. त्यात व्हिसा विचारत नाहीत. कागदपत्रं नसलेल्या मुलांनाही शाळेत घ्यावंच लागेल, हा १९८२ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल टेक्सासमधल्याच टायलर गावच्या खटल्यातला आहे.

कार्यक्रम नको असेल तर तुम्ही लेखी नकार देऊ शकता. पण नकार दिला तरी तिला दरवर्षीची टेलपास ही टेक्सासची इंग्रजीची परीक्षा द्यावीच लागेल, पुरेसे गुण मिळून ती इंग्रजी शिकणाऱ्या मुलांच्या यादीतून बाहेर पडेपर्यंत. आपल्याकडचे बरेच पालक कमीपणा वाटून नकार देतात, काही जण धाकट्याच्या वेळी फॉर्मवर सरळ ‘इंग्रजी’ लिहून मोकळे होतात. मी तसं करणार नाही. पहिलीतलं मूल घरी मराठी बोलतं यात लपवण्यासारखं काही नाही, आणि मदत फुकट मिळते आहे.

सही करण्याआधी शाळेत फोन करून दोन गोष्टी विचारा: ही मदत तिच्याच वर्गात मिळणार की तिला बाहेर नेणार, आणि बाहेर नेणार असतील तर कुठला तास बुडणार. गणिताचा असेल तर वेळ बदलून मागा.