कचऱ्याच्या कंटेनरखालचा काँक्रीट पॅड: तुमचे प्रश्न, आमची उत्तरं

प्रश्न: आमच्या कमर्शियल कॉम्प्लेक्सच्या मागे कचऱ्याचा मोठा लोखंडी कंटेनर असतो. खाली डांबर आहे, पॅच मारून मारून कंटाळलो, परत परत खड्डा पडतोच. कॉन्ट्रॅक्टर म्हणतोय कंटेनरच्या मापाचा काँक्रीटचा चौकोन टाकून देतो. टाकू का?

काँक्रीट टाकाच, पण कंटेनरच्या मापाचा चौकोन अजिबात नको. या कामात सगळ्यात जास्त पैसा इथेच वाया जातो म्हणून जरा सविस्तर सांगतो. तुमचा खड्डा नेमका कुठे पडलाय ते एकदा जाऊन बघा, कंटेनरच्या खाली थोडा दबलेला असेल पण खरी वाट लागलेली असेल ती कंटेनरच्या समोर, जिथे ट्रकची चाकं येऊन थांबतात. कचऱ्याचा मोठा ट्रक भरला की सहज २५ टनांच्या पुढे जातो, त्यात पुढून काटे घालून कंटेनर डोक्यावरून उचलणारा ट्रक असेल तर उचलताना सगळा जोर पुढच्या चाकांवर येतो, आणि हे दर वेळी त्याच दोन-तीन फुटांत, ट्रक उभा असताना. डांबर उन्हात मऊ पडतं आणि उभं वजन त्याला चालत्या वजनापेक्षा जास्त त्रास देतं. वरून कंटेनरची छोटी लोखंडी चाकं, ती तर उन्हाळ्यात डांबरात सरळ रुततात.

१९५८ ते १९६० या काळात अमेरिकेत इलिनॉय राज्यात खास रस्ते बांधून त्यांच्यावर ट्रक चालवून मोठी चाचणी घेतली होती, त्यातून असं निघालं की अॅक्सलवरचं (म्हणजे चाकांच्या एका जोडीच्या आडव्या दांड्यावरचं) वजन दुप्पट झालं की रस्त्याचं नुकसान दुप्पट होत नाही, ढोबळमानाने सोळा पट होतं. म्हणजे तुमच्या पार्किंगमध्ये दिवसभर ये-जा करणाऱ्या शेकडो गाड्यांपेक्षा तो एक ट्रक जास्त महाग पडतो. म्हणून पॅड ट्रकसाठी बांधायचा, कंटेनर त्यावर आपोआप बसतो.

माप ठरवायला ट्रक येईल तेव्हा उभे राहा, उचलताना चाकं जिथे टेकतात तिथे खडूने खूण करा आणि काँक्रीट त्या खुणेच्या पुढे दोन-तीन फूट तरी जाऊ द्या. मागून कचरा घेणारा ट्रक असेल तर मागच्या चाकांची खूण. कंटेनरच्या पुढे दहा-पंधरा फूट काँक्रीट लागतंच लागतं. कॉन्ट्रॅक्टरला कोटेशन याच मापाचं द्यायला सांगा, म्हणजे नंतर वाद नाही.

प्रश्न: जाडी किती ठेवायची? चार इंच पुरेल असं सांगितलंय, आत सळईची जाळी टाकणार म्हणतात.

चार इंच फुटपाथला ठीक आहे, इथे नाही. सहा इंच कमीत कमी, माती मऊ असेल किंवा ट्रक रोज येत असेल तर आठ इंच, आणि जिथून ट्रक चढतो ती कड अजून जाड करा कारण कड सगळ्यात आधी तुटते. काँक्रीट एम ३० (ही ताकदीची प्रत) किंवा त्याच्या वरचं मागवा. जाळीमुळे जाडी कमी करता येते हा गैरसमज आहे, सळई काँक्रीटला तडा जाण्यापासून वाचवत नाही, तडा गेल्यावर दोन्ही तुकडे घट्ट धरून ठेवते एवढंच. आणि तेसुद्धा ती योग्य उंचीवर असेल तर! बऱ्याच साइटवर जाळी जमिनीवर अंथरतात आणि ओतताना हाताने वर ओढू म्हणतात, ती वर येत नाही, तळाशीच गाडली जाते. खाली कव्हर ब्लॉक (काँक्रीटचे छोटे ठोकळे) किंवा सळई उचलून धरणाऱ्या लोखंडी खुर्च्या लावून सळई मध्यावर किंवा जरा वर बसलीय हे ओतायच्या आधी स्वतः बघा, फोटो काढून ठेवा.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे खालची जमीन. जुनं डांबर, चिखल, भुसभुशीत माती काढून टाका, चार ते सहा इंच खडीचा थर द्या आणि रोलरने किंवा प्लेट कॉम्पॅक्टरने थरांमध्ये नीट दाबून घ्या. खाली पोकळी राहिली तर आठ इंचाचा स्लॅबसुद्धा ट्रकखाली तुटतो.

प्रश्न: पॅड ओतून तीन दिवस झाले, वरून दगडासारखा लागतोय. ट्रक सोडू का?

नको. सात दिवसांनी साध्या सिमेंटच्या काँक्रीटला २८ दिवसांच्या ताकदीच्या साधारण दोन तृतीयांश ताकद येते, फ्लाय अॅश (कोळशाची राख) किंवा स्लॅग (लोखंडाच्या भट्टीची मळी) मिसळलेलं सिमेंट असेल तर अजून कमी. रिकामा कंटेनर आठवड्याने ठेवा, भरलेला ट्रक शक्यतो २८ दिवसांनी, घाई असेल तर क्यूब टेस्टचा (त्याच काँक्रीटचे ठोकळे दाबून ताकद मोजतात, तिचा) रिपोर्ट बघूनच. तोपर्यंत कंटेनर दुसरीकडे कुठे ठेवायचा हे कचरा उचलणाऱ्यांशी काम सुरू व्हायच्या आधीच बोलून ठेवायला हवं, नाहीतर चौथ्या दिवशी ट्रक येतो आणि ड्रायव्हरला कोणी काही सांगितलेलं नसतं. आणि पाणी! निदान सात दिवस गोणपाट ओलं ठेवा. मिक्सरमधून उतरताना मात्र सैल व्हावं म्हणून वरून पाणी घालू देऊ नका, त्याने ताकद जाते आणि वरचा थर पावडरसारखा सुटतो.

प्रश्न: जॉइंट कापायलाच हवेत का? दिसायला बरे दिसत नाहीत.

हवेतच. काँक्रीट आकसणार, तडा जाणार, तो आपण सांगू तिथे जावा म्हणून कटरने पाडलेली सरळ खाच म्हणजे जॉइंट. सहा इंचाच्या पॅडला १२ ते १५ फुटांवर, खोली जाडीच्या एक चतुर्थांश म्हणजे दीड इंच, आणि कटर त्याच दिवशी किंवा फार तर दुसऱ्या दिवशी सकाळी फिरला पाहिजे. भिंतीला लागून आणि बोलार्डभोवती (भिंत वाचवायला उभ्या केलेल्या लोखंडी खांबांभोवती) फोमची पट्टी सोडा.

प्रश्न: कंटेनरमधून घाण पाणी गळतं, वास येतो, पॅडचा वरचा थर खडबडीत झालाय.

कचऱ्याचं पाणी आम्लयुक्त असतं, ते सिमेंट खातं आणि खडी उघडी पडते. आधी कंटेनरचा तळ आणि झाकण दुरुस्त करून घ्या, कारण झाकण उघडं राहिलं की पावसाचं पाणी कचऱ्यातून झिरपून खाली येतं. पॅडला दहा फुटाला एक ते अडीच इंच उतार पुरे, जास्त दिला तर चाकांचा कंटेनर घरंगळतो. हे पाणी पावसाच्या गटारात सोडू नका, ते प्रक्रिया न होता थेट नदी-नाल्यात जातं. वर लोखंडी जाळी असलेला चेंबर करून परवानगी घेऊन सांडपाण्याच्या लाइनला जोडा. खराब झालेला थर घासून दुरुस्त केल्यावर सीलर (पाणी आत मुरू न देणारा लेप) मारा आणि तो काही वर्षांनी परत मारावा लागेल हे बजेटमध्ये धरा.

प्रश्न: मागची भिंत कंटेनर आपटून सारखी फुटते.

भिंतीच्या फूटभर पुढे सहा इंची लोखंडी पाइप काँक्रीटने भरून उभे करा, जमिनीवर तीन-चार फूट, खाली स्वतःचा वेगळा पाया. नवीन पॅड करताय तर हे पाये आधीच टाकून घ्या, नंतर स्लॅब फोडावा लागतो.