बारा लाख वाढले, पण आले कुठून?

प्रश्न : मी ४३ वर्षांची आहे, होटगी रोडवरच्या एका कंपनीत अकाउंट्सला काम करते. आमच्या यांचा टॉवेलचा छोटा व्यापार आहे. कारखानदारांकडून माल उचलायचा आणि बाहेरगावच्या दुकानदारांना द्यायचा. मार्च २०२४ अखेर मी पहिल्यांदाच घरचं सगळं येणं-देणं वहीत मांडलं, यंदा मार्च २०२५ अखेर पुन्हा मांडलं. आकडे असे, आधी गेल्या वर्षीचा, मग यंदाचा : जुळे सोलापुरातला फ्लॅट ३० लाख, ३४ लाख. पीपीएफ ६ लाख, ७,४२,६००. ईपीएफ पासबुकात ५ लाख, ५,९८,०००. म्युच्युअल फंड ४ लाख, ५,४२,०००. पतसंस्थेतली ठेव ३ लाख, ३,२७,०००. आठ तोळे सोनं ५,३६,०००, ७,१२,०००. विमा पॉलिसी दोन्ही वर्षी ५ लाख. बाजारातून यायची उधारी २,५०,०००, ४,१०,०००. गृहकर्ज बाकी ९ लाख, ८,२०,०००. कर्ज वजा जाता ५१,८६,००० चे ६४,११,६०० झाले. वर्षात पीपीएफमध्ये १ लाख भरले (मार्चच्या शेवटच्या आठवड्यात), फंडातली एसआयपी महिना १०,००० आहे, ईपीएफमध्ये माझे आणि कंपनीचे मिळून ६०,००० गेले. हे म्हणतात, "साडेतेवीस टक्के परतावा मिळाला, बाजार पडला तरी आपल्याला काही झालं नाही." मग महिनाअखेरीला माझी ओढाताण का होते? हिशोब बरोबर आहे का? आणि दर महिन्याला असा बघावा का?
– एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : ताई, बेरीज-वजाबाकी चोख आहे, अकाउंट्सवाल्यांची असते तशीच. १२,२५,६०० ही वाढ खरी. पण तिला परतावा म्हणता येणार नाही, कारण त्या बारा लाखांत पाच वेगवेगळ्या वाटांनी आलेले पैसे आहेत आणि त्यातली परताव्याची वाट सगळ्यांत अरुंद आहे. एकेक वेगळी काढू.

सगळ्यांत मोठा वाटा फ्लॅटचा, ४ लाख. हा आकडा कुठून आला ते तुम्ही लिहिलेलं नाही, पण मला अंदाज आहे. शेजारच्या सोसायटीत कुणाचा तरी फ्लॅट विकला गेला असणार, नाहीतर रेडी रेकनरची बातमी वाचलेली असणार. १ एप्रिल २०२५ पासून सोलापूर महापालिका हद्दीतले रेडी रेकनरचे दर सरासरी १०.१७ टक्क्यांनी वाढले, राज्यातल्या महापालिकांत सर्वांत जास्त. पण हा दर सरकार मुद्रांक शुल्कासाठी ठरवतं. त्या भावाने तुमचा फ्लॅट घ्यायला गिऱ्हाईक दारात उभं आहे, असा त्याचा अर्थ होत नाही. शिवाय तो लागू झाला तुमचा हिशोब बंद झाल्याच्या दुसऱ्या दिवशी! राहतं घर वहीत जरूर असावं, पण त्याची किंमत एकदा ठरवून पाच-सात वर्षं तशीच ठेवावी. नाहीतर दर मार्चला नवराबायको पेन्सिलीने श्रीमंत होतात.

सोन्याचे १,७६,०००. इथे भाव खरोखरच वाढला, तोळ्यामागे ६७,००० चे ८९,००० धरलेत, ते तेव्हाच्या बाजाराला धरून आहे. फक्त हा भाव २४ कॅरेटचा. पाटल्या आणि गंठण २२ कॅरेटचे असतात, म्हणजे शुद्ध सोनं ९१.६ टक्के. त्या हिशोबाने आठ तोळ्यांचे मार्च २०२५ च्या भावाने साडेसहा लाख होतात, आणि मोडायला गेलात तर सराफ घट धरतो ती वेगळीच. अर्थात लेकीच्या लग्नाशिवाय ते डबा उघडून बाहेर येणार नसेल, तर त्याच्या टक्केवारीत जीव घालू नका.

आता उधारी. इथे मला थोडं थांबायचंय, कारण माझी नोकरी बँकेच्या तपासणी खात्यात झाली आणि सोलापुरातल्या टॉवेल-चादरीवाल्यांची स्टॉक स्टेटमेंटं वाचण्यात डोळे गेले. तुमच्या यांची उधारी वर्षात अडीच लाखांवरून ४,१०,००० झाली आणि वहीत तेवढ्याने संपत्ती वाढलेली दिसली. आता हाच कागद कॅश क्रेडिटसाठी, म्हणजे व्यापाराच्या खेळत्या भांडवलाच्या कर्जासाठी, बँकेत न्या. अधिकारी पहिला प्रश्न विचारेल : यातली ९० दिवसांच्या आतली किती? त्यापेक्षा जुनी उधारी बँका सहसा हिशोबात धरतच नाहीत. दुसरा प्रश्न : कारखानदारांचं देणं किती? तुमच्या वहीत घ्यायचे पैसे आहेत, द्यायचे कुठेच नाहीत. माल उधारीवर उचललेला असेल तर ती रक्कम वजा व्हायलाच हवी. तेव्हा आज रात्री जेवणं झाल्यावर यांना बिलबुक घेऊन बसवा. प्रत्येक बिलापुढे तारीख लिहा. तीन महिन्यांच्या आतली उधारी पूर्ण धरा, तीन ते सहा महिन्यांची निम्मी, त्यापुढची शून्य. ही माझी पद्धत आहे, कायदा नव्हे. जुनी वसूल झाली तर त्या वर्षी आनंदाने जमा करा. आणि तुमच्या ओढाताणीचं एक उत्तर इथेच आहे : १,६०,००० रुपये तुमच्या घरातून निघून दुकानदारांच्या रॅकवर टॉवेल होऊन बसलेत. उधारी वाढणं ही व्यापाराची वाढ असू शकते, किंवा वसुली ढिली पडल्याची खूण असू शकते. बिलांच्या तारखा बघितल्याशिवाय ते कळत नाही.

चौथी वाट तुमच्या स्वतःच्या खिशातली. पीपीएफचा १ लाख, एसआयपीचे १,२०,०००, ईपीएफचे ६०,०००, आणि गृहकर्जाच्या मुद्दलात फिटलेले ८०,०००. एकूण ३,६०,०००. कंपनीचा ईपीएफमधला हिस्सा मी तुमच्याच कमाईत धरला. बारा लाखांतला हा सर्वांत भरवशाचा भाग आणि नेमकं त्याचंच श्रेय कुणी घेतलेलं नाही. ओढाताणीचं दुसरं उत्तरही हेच : पैसे उडालेले नाहीत, बाजूला पडलेत.

उरले १,२९,६००. पीपीएफचं व्याज ४२,६००, ईपीएफचं ३८,०००, ठेवीचं २७,०००, फंडांची वाढ २२,०००. याला परतावा म्हणायचं. या चार ठिकाणी वर्षाच्या सुरुवातीला तुमचे १८ लाख होते, मध्ये थोडे थोडे पडत गेले, त्यामुळे हा दर सात टक्क्यांच्या जरा आत बसतो. साडेतेवीस कुठे आणि सात कुठे! यांना हळूच सांगा.

फंडांचे २२,००० कमी वाटतील, पण त्या वर्षी बाजारच तसा होता. शेअर बाजाराचा निर्देशांक निफ्टी मार्च २०२४ अखेर २२,३२७ च्या आसपास, सप्टेंबरात २६,२०० च्या वर, पुढच्या मार्चच्या सुरुवातीला २२,१०० च्या खाली आणि वर्ष बंद होताना २३,५१९. म्हणजे वर्षात सव्वापाच टक्क्यांच्या आसपास. तुमचे बरेच हप्ते वरच्या भावात लागले. एसआयपीचा दर काढायला नुसता भागाकार चालत नाही, कारण मार्चमधल्या हप्त्याला वर्ष मिळालेलंच नाही. एक्सेलमध्ये एका रांगेत तारखा, दुसऱ्या रांगेत रकमा (सुरुवातीचे ४ लाख आणि भरलेले हप्ते उणे चिन्हाने, शेवटी वर्षअखेरचं मूल्य अधिक चिन्हाने) लिहून एक्सआयआरआर हे सूत्र लावा. तुमचं पावणेपाच टक्क्यांच्या आसपास येईल. तुम्हाला हे पाच मिनिटांचं काम आहे.

काही किरकोळ, पण पैशांच्या गोष्टी. पीपीएफचं व्याज दर महिन्याच्या ५ तारखेपासून महिनाअखेरपर्यंतच्या सर्वांत कमी शिलकेवर मोजतात. मार्चअखेर भरलेल्या लाखाला त्या वर्षीचं व्याज शून्य मिळालं. तोच लाख ५ एप्रिलच्या आत भरला असता तर ७.१ टक्क्यांनी ७,१०० जास्त आले असते. एकरकमी जमत नसेल तर दरमहा ५ तारखेआधी थोडे थोडे भरा. ईपीएफचं व्याज पासबुकात उशिरा चढतं, त्यामुळे तुम्ही लिहिलेले ३८,००० आदल्या वर्षाचे आहेत. त्याने बिघडत नाही, दर वर्षी तसंच लिहा म्हणजे झालं. विमा पॉलिसीचे ५ लाख ही मृत्यूनंतर मिळणारी रक्कम, ती संपत्तीत धरायची नसते. आज पॉलिसी सोडली तर काय मिळेल तो सरेंडर मूल्याचा आकडा शाखेतून लेखी घ्या. फार कमी निघेल, मन घट्ट करून जा. आणि पतसंस्थेच्या ठेवीखाली लाल रेघ मारा. बँकेत, अगदी सहकारी बँकेतही, ५ लाखांपर्यंतच्या ठेवीला डीआयसीजीसी या रिझर्व्ह बँकेच्या ठेव विमा महामंडळाचं संरक्षण असतं, पतसंस्थेला ते नसतं. व्याज दोन टक्के जास्त मिळतं ते या जोखमीचं.

वही कशी मांडावी? दोन कप्पे करा. एकात घर, त्याचं कर्ज, सोनं, उधारी आणि कारखानदारांचं देणं. दुसऱ्यात पीपीएफ, ईपीएफ, फंड, ठेव. दुसरा कप्पा १८ लाखांचा २२,०९,६०० झालाय. वाढ ४,०९,६००, त्यातले २,८०,००० तुम्ही घातलेले. म्हातारपणी पिठामिठाला येणारा कप्पा हा, म्हणून नजर यावर ठेवा.

दर महिन्याला बघू नका. सप्टेंबरात हवेत गेला असतात आणि फेब्रुवारीत एसआयपी बंद करून बसला असतात. वर्षातून एकदा पुरे, फार तर दिवाळीत एक चक्कर. तारीख ३१ मार्चच ठेवा. बरेच जण पाडव्याला करतात, पण पाडवा २०२४ मध्ये ९ एप्रिलला होता आणि २०२५ मध्ये ३० मार्चला, म्हणजे वर्ष दहा दिवसांनी आखूड झालं. गड्ड्याच्या यात्रेत, म्हणजे संक्रांतीला, केलंत तर तारीख फारशी हलत नाही, पण संक्रांतीला ना पीपीएफचं व्याज जमा झालेलं असतं, ना बँक वर्षभराच्या कर्जाचा दाखला देते.

प्रश्न : वय ७१, निवृत्त. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत १५ लाख आणि बाकी ठेवी मिळून गेल्या वर्षी २८ लाख होते, यंदा साडेसव्वीस राहिले. पत्नीच्या शस्त्रक्रियेला ९०,००० लागले. संपत्ती घटत चाललीय, झोप लागत नाही.
– एक वाचक, सात रस्ता

उत्तर : काका, जमवायचे दिवस संपले, आता ती खर्चायचीच आहे. दीड लाखांतले ९०,००० एकदाचे होते, म्हणजे नेहमीची घट ६०,०००. साडेसव्वीस लाखांपुढे ती काळजीची नाही, पुढे महागाईने दुप्पट झाली तरी. दर तिमाहीला या योजनेचे ८.२ टक्क्यांनी ३०,७५० येतात, त्यांत घर किती चालतं ते एका कागदावर लिहा. तुमच्या वहीत मला आकड्यांपेक्षा दुसरी एक गोष्ट दिसली नाही : प्रत्येक खात्यापुढे वारसाची नोंद. कुठलं खातं कुठल्या शाखेत, नॉमिनी कोण, पासबुक कुठल्या कपाटात, एवढं लिहा आणि काकूंना वाचून दाखवा. खातं पाच वर्षांनी मुदत संपल्यावर तीन वर्षांनी वाढवता येतं, पण दर त्या दिवशीचा लागतो. ती तारीखही तिथेच लिहा.

प्रश्न : मूळचा सोलापूरचा, नोकरीला पुण्यात. अॅपवर माझ्या फंडात ३१ टक्के नफा दिसतो. मित्राची बँक ठेव सात टक्क्यांची. मी चौपट पुढे आहे ना?
– वय २७

उत्तर : पैसे एकरकमी कधी टाकलेत? पत्रात पुढे 'तीन वर्षांपूर्वी' असं लिहिलंयत. मग ३१ टक्के हे तीन वर्षांचे, वर्षाला चक्रवाढीने साडेनऊच्या आत. मित्राचे सात टक्के दर वर्षाचे. तुम्ही पुढे आहात, पण अडीच टक्क्यांनी. त्या अॅपमध्ये हिरव्या आकड्याखाली बहुधा एक्सआयआरआरची, म्हणजे वर्षाच्या दराची, बारीक ओळ असेल. मित्राला दाखवायची तर ती दाखवा.