लेक जात्यावरच्या ओव्या रेकॉर्ड करत फिरते, यात करिअर आहे का?

नमस्कार दादा, पत्र वाचलं. मुलगी बीएच्या शेवटच्या वर्षाला, सुट्टीत गावातल्या म्हाताऱ्यांकडून ओव्या, सणाचे पदार्थ, जुने शब्द मोबाईलवर रेकॉर्ड करते, आणि तुम्हाला वाटतं तिने गुपचूप बीएड करावं. काळजी बरोबर आहे तुमची.

सोबत पाठवलेला ऑडिओ दोनदा ऐकला. मध्येच कुकरची शिट्टी होते, आजी थांबतात आणि म्हणतात, "जातं नाय हातात तर ओवी कशी यील गं?" आणि पोरगी गप्प बसत नाही, लगेच विचारते की मग जातं कुठंय, माळ्यावर का. दादा, हा प्रश्न सुचणं म्हणजेच या कामाची अक्कल, ती शिकवून येत नाही.

पण फाईलचं नाव काय, तर "ऑडिओ 34". तिथे मात्र मार्क कापले मी. आजी कोण, माहेर कुठलं, ओवी कोणाकडून शिकल्या, तारीख, आणि ऑडिओ इतरांना ऐकवायला त्यांची परवानगी आहे का, हे लगेच वहीत गेलं पाहिजे. माझ्याकडे माझ्या मावशीचं एक रेकॉर्डिंग आहे, त्यात ती कुठल्यातरी भावाला ओवी गाते, सख्खा का मानलेला ते सांगणारं आता घरात कोणी उरलं नाही.

हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ या संशोधकांनी गावोगावच्या बायकांना सोबत घेऊन 1 लाखाच्या वर ओव्या जमवल्या, आज त्या पारी या वेबसाईटवर (खेड्यापाड्यातल्या जगण्याचा ऑनलाइन संग्रह, पत्रकार पी. साईनाथांनी 2014 ला सुरू केलेला) गाणारीच्या नावागावासकट वाचायला-ऐकायला मिळतात. नावगाव लिहून ठेवलं होतं म्हणून ना.

आता पैशाचं. खोटं सांगत नाही, नुसतं रेकॉर्डिंग करून घर चालत नाही, कामं प्रोजेक्टवर मिळतात, वर्षभर असतं मग दोन महिने काहीच नाही. म्हणून आधी एमए करू द्या, पुण्यात डेक्कन कॉलेजला भाषाशास्त्र, पुणे विद्यापीठात मानवशास्त्र, नाहीतर मुंबई विद्यापीठाची लोककला अकादमी. पुढे नेट (कॉलेजात शिकवायला लागणारी पात्रता परीक्षा) द्यायची, त्यात लोकसाहित्य हा वेगळा विषयच आहे, त्यातून जेआरएफ (संशोधनासाठीची फेलोशिप) निघाली तर पीएचडी करताना सुरुवातीला महिना 37 हजार मिळतात. आणि घरात स्पर्धा परीक्षेचा विषय निघतोच (निघतोच ना?) तर यूपीएससीला मानवशास्त्र ऑप्शनल घेता येतं, म्हणजे अभ्यास वाया जात नाही. बीएड नंतरही करता येईल, पण त्या आजींचं वय तुम्हीच लिहिलंय, 84.

तेव्हा या रविवारी एक करा, दोघं मिळून ते जातं माळ्यावरून खाली काढा, किलोभर ज्वारी न्या, आणि कुकर लावायच्या आधी जा. नवीन फाईल आली की मला पाठवा, नावासकट.