प्री-वॉर (दुसऱ्या महायुद्धाआधीचा) फ्लॅट घेतोयस? आधी हे बघ
न्यूयॉर्कच्या पार्क अव्हेन्यूवरचा फ्लॅट फोटोत भारीच दिसतोय, उंच सीलिंग, हेरिंगबोन लाकडी फरशी, कोणीही हुरळून जाईल, पण मॅनहॅटनमधल्या बहुतेक प्री-वॉर बिल्डिंगा को-ऑप असतात, म्हणजे घर तुझ्या नावावर होतच नाही, बिल्डिंगची मालक असलेल्या कंपनीचे शेअर्स आणि प्रोप्रायटरी लीज, म्हणजे त्या फ्लॅटमध्ये राहायचा हक्क देणारा करार, मिळतो. को-ऑपचं बोर्ड तुझा इंटरव्ह्यू घेतं आणि कारण न सांगता नाही म्हणू शकतं, काही ठिकाणी तर लोनच चालत नाही. वकिलाला बोर्डाचे मिनिट्स, म्हणजे मीटिंगच्या नोंदी, वाचायला लावच लाव, कारण सहापेक्षा जास्त मजल्यांच्या बिल्डिंगांच्या बाहेरच्या भिंती दर 5 वर्षांनी तपासतात, मोठं काम निघालं की असेसमेंट, म्हणजे त्या खर्चाचा वाटा, तुझ्याही माथी. किंमत 10 लाख डॉलर्स किंवा वर असली की मॅन्शन टॅक्स, म्हणजे महागड्या घराच्या खरेदीवरचा कर, वेगळा. जाशील तेव्हा शॉवर आणि किचनचा नळ एकाच वेळी सोडून पाण्याचं प्रेशर बघ, रेडिएटरखालची (घर गरम ठेवणाऱ्या हीटरखालची) फरशी काळी पडलीय का तेही बघ.