देणगीच्या पैशावर फिरायला जायचं का?

"ताई, गावाकडच्या चर्चच्या मंडळीतल्या लोकांनी पोटाला चिमटा काढून पाठवलेले पैसे. त्यावर आम्ही जंगल बघत हिंडायचं का?"

पहिल्याच व्हिडिओ कॉलवर त्यानं हे विचारलं. शेजारी बसलेल्या तिनं मान वळवून खिडकीकडे पाहिलं. मूळचं नगर जिल्ह्यातलं हे ख्रिस्ती मिशनरी जोडपं चार वर्षांपासून केनियात, व्हिक्टोरिया सरोवराकाठच्या किसुमू शहरात राहतं. तो पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, होऊ पाहणाऱ्या तरुणांना शिकवतो, ती दवाखान्यात परिचारिका आहे. (दोघांच्या संमतीनं लिहिते आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) हाच प्रश्न मला दुर्गम भागात काम करणाऱ्या कार्यकर्त्यांनीही विचारलेला आहे.

तक्रार तिची होती. झोप लागत नव्हती, रुग्णांवर आवाज चढत होता, भांडी घासताना डोळे भरून यायचे. मी आधी रक्त तपासायला सांगितलं. किसुमूच्या भागात मलेरिया नेहमीचा, त्यातून उठलेलं शरीर महिनोन्‌महिने थकलेलं असू शकतं. हिमोग्लोबिन थोडं कमी निघालं, त्यावर औषध सुरू झालं. पण रडू तेवढ्यानं थांबणारं नव्हतं.

मग खरी गोष्ट बाहेर आली. वर्षभरापूर्वी दोघं दोन दिवस काकामेगाच्या जंगलात गेली होती. किसुमूपासून साधारण पन्नास किलोमीटरवर वर्षावनाचा हा तुकडा अजून उभा आहे. तिथं काळ्यापांढऱ्या कोलोबस माकडांचा फोटो तिनं गावी पाठवला. मंडळीतल्या एका वडीलधाऱ्या माणसाचं उत्तर आलं, "मजा आहे बुवा तुमची." बहुधा सहज लिहिलं असेल. पण त्या दिवसापासून या दोघांनी फिरणंच बंद केलं. सरोवर घरापासून चालत जाण्याइतकं जवळ, तरी सहा महिन्यांत ते पाहिलेलं नव्हतं.

मी दोघांना आठवडाभराचे तास लिहून काढायला सांगितले. सकाळी सहाला दारात कुणीतरी उभं. रविवारी उपासनेनंतर घर भरलेलं. संध्याकाळी मोकळं व्हावं तर पावणेसातच्या सुमारास अंधार. विषुववृत्तालगत असल्यानं बारा महिने हेच. त्या वहीत दोघांचा म्हणून एकही तास नव्हता.

मी ख्रिस्ती नाही, त्यामुळे सेवेबद्दल बोलताना जपून बोलत होते. त्याला विचारलं, तुमच्या शास्त्रात थकलेल्या माणसाला देव काय सांगतो? तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, बायबलमधला एलीया संदेष्टा रतामाच्या झुडपाखाली मरण मागत पडला होता, तेव्हा देवदूतानं त्याला उपदेश केला नाही. भाकर आणि पाणी दिलं, झोपू दिलं, आणि पुन्हा उठवून खायला दिलं. "हा धडा मीच मुलांना शिकवतो, ताई." त्यानंतर मला फारसं समजावावं लागलं नाही.

त्याच्या प्रश्नाचं माझं उत्तर सरळ आहे: हो, जायचं. देणगी देणाऱ्यानं तुमचं काम चालावं म्हणून पैसे दिलेत आणि थकून कोसळलेल्या नर्सच्या हातून काम होत नाही. मात्र ते लपवून करू नका. लपवलं की निरागस फेरफटकासुद्धा मनाला चोरीसारखा टोचतो.

आठवड्यातून दोन तास बाहेर, कामाशी संबंध नाही आणि फोटो नाही, एवढंच ठरलं. पहिला प्रयत्न फसला. सरोवराच्या डुंगा नावाच्या किनाऱ्यावर ओळखीचं कोळी कुटुंब भेटलं, तो त्यांच्यासोबत तासभर प्रार्थनेला बसला आणि ही होडीच्या सावलीत एकटी. त्या आठवड्यात ती पहिल्यांदा त्याच्यावर मोकळेपणानं चिडली. मला ते चांगलं लक्षण वाटलं, कारण तोवर सगळा राग ती स्वतःवरच काढत होती.

पुढच्या वेळी मटाटूत, म्हणजे तिथल्या वडापमध्ये बसून दोघं मासेनोला गेली. तिथून विषुववृत्त जातं. एक पाय उत्तर गोलार्धात, एक दक्षिणेत ठेवून उभी राहिली, भाजलेलं कणीस खाल्लं, परत आली. "अहो, आपण आज कुणालाच काही शिकवलं नाही," असं ती परतताना म्हणाली म्हणे. सांगताना दोघंही हसत होती.

तीन महिन्यांनी झोप बरीच सुधारली. पूर्ण नाही. उदासी दोन आठवड्यांहून जास्त टिकली किंवा जगणं नकोसं वाटलं, तर मानसोपचारतज्ज्ञांना लगेच गाठायचं, हे मी त्यांच्याकडून कबूल करून घेतलंय.

मंडळीला पाठवायच्या पत्रात आता ती दोघं विश्रांतीचा दिवस आणि त्याचा खर्च स्पष्ट लिहितात. पहिल्या पत्रावर बरेच जण काहीच बोलले नाहीत, ते तिला लागलंही. एका आजींनी मात्र निरोप धाडला, "किनाऱ्यावर जाता, तर तिथं सुकट मिळते का गं?"

मिळते. तिथं ओमेना नावाची बोटभर चांदेरी मासळी वाळवून विकतात. तिनं कांदा-टोमॅटोवर परतून, वर नगरहून आणलेला काळा मसाला घालून केली, आणि वर्षभरानं पहिल्यांदा गावी एक फोटो पाठवला. त्या ताटलीचा.