जागतिक वास्तुकलेतलं एकच वर्ष निवडायचं तर कोणतं, आणि त्यातली एकच वास्तू बघायची तर कोणती?

माझं मत १९२९ ला. प्रश्न विचारताना तुमचा कल १९९७ कडे दिसतोय, स्पेनमधल्या बिल्बाओचं गुगेनहाइम कलासंग्रहालय त्या वर्षी उघडलं म्हणून. इमारत जबरदस्त आहे, वादच नाही. पण ते एका इमारतीचं वर्ष. ती बघून गावोगावच्या महापौरांना आपल्याकडेही असलं काहीतरी चमचमतं हवं असं वाटायला लागलं. तुमच्या-माझ्या घरात त्याने काही फरक पडला नाही. मी सांगलीत घरं बांधायची कामं घेतो. साइटवर गिऱ्हाइकाशी ज्या गोष्टींवरून हुज्जत चालते, त्यातल्या बऱ्याचशा १९२९ च्या आसपास कुठे ना कुठे ठरून गेल्या आहेत. म्हणून माझं उत्तर ते.

आधी न्यूयॉर्क, कारण किस्सा तिथला झणझणीत आहे. विल्यम व्हॅन अॅलन आणि क्रेग सेव्हरन्स हे दोन वास्तुकार, एकेकाळचे भागीदार. फाटलं, वेगळे झाले, आणि १९२९ मध्ये दोघंही जगातली सगळ्यात उंच इमारत बांधायच्या मागे लागले. एक मोटारवाल्या क्रायस्लरसाठी क्रायस्लर बिल्डिंग, दुसरा ४० वॉल स्ट्रीटवर. एकाने उंची वाढवली की दुसऱ्याचे नकाशे बदलायचे. सेव्हरन्स २८३ मीटरवर थांबला आणि आपणच जिंकलो असं समजून बसला. तिकडे व्हॅन अॅलनने ५६ मीटरचा पोलादी सुळका तुकड्यातुकड्यांनी इमारतीच्या पोटात नेऊन ठेवला होता. आतल्या आत जुळवणी, बाहेर कुणाला पत्ता नाही. २३ ऑक्टोबरला तो दीडेक तासात वर काढून बसवला. उंची झाली ३१९ मीटर, आयफेल टॉवरही खाली राहिला. आणि दुसऱ्या दिवशी, २४ ऑक्टोबरला, वॉल स्ट्रीटवर शेअर बाजार गडगडला.

सगळ्यात उंच हा मान १९३१ च्या मे महिन्यात एम्पायर स्टेट उघडली तोपर्यंतच टिकला. कळसाचं स्टेनलेस स्टील मात्र अजून चकाकतंय. एवढ्या मोठ्या प्रमाणावर इमारतीला ते वापरायची तेव्हा नवलाई होती. फीवरून मालकाशी वाजलं, व्हॅन अॅलन कोर्टात गेला, पैसे मिळवले, पण पुढे त्याला मोठं काम काही मिळालं नाही. आमच्या धंद्यातल्या कुणालाही याचं आश्चर्य वाटणार नाही.

त्याच वर्षी मे महिन्यात बार्सिलोनाच्या प्रदर्शनात जर्मनीचा मंडप उघडला. मीस व्हॅन डर रोहे आणि लिली राइश यांचं काम (राइशबाईंचं नाव अनेक पुस्तकांत गाळलेलं असतं, म्हणून मुद्दाम लिहितोय). आत दाखवायला माल नव्हता, यंत्रं नव्हती. मंडप हाच माल. बैठं बांधकाम, आठ क्रोमचे खांब, आणि भिंती खांबांपासून सुटलेल्या, जणू कुणी पडदे सरकवून ठेवलेत. भिंत म्हणजे भार घेणारी वस्तू, हे आपण पिढ्यान् पिढ्या धरून चाललो होतो. इथे भिंतीचं काम फक्त माणसाला वळवायचं. मधली भिंत सोनेरी ऑनिक्सची. मीसला तो दगडाचा ठोकळा हॅम्बर्गमध्ये मिळाला, आणि ठोकळ्याच्या दुप्पट उंची म्हणून छत ३.१ मीटरच्या आसपास आलं. हे मला फार आवडतं. एवढी तत्त्वं सांगितली जातात त्या मंडपाबद्दल, पण उंची ठरली ती हाताशी आलेल्या मालावरून. आमच्याकडे फरशीच्या साइजवरून खोलीचं माप दोन-चार इंच हलतं ते काय वेगळं आहे?

मंडप १९३० मध्ये मोडून टाकला. पन्नासेक वर्षं तो फक्त फोटोंत होता, आणि त्या फोटोंवरून जगभर घरं होत राहिली. आज तिथे उभा आहे तो १९८६ मध्ये पुरा झालेला, त्याच जागेवर नव्याने बांधलेला.

आता ज्याच्यासाठी मी १९२९ निवडलं ते. त्याच ऑक्टोबरमध्ये फ्रँकफर्टला आधुनिक वास्तुकारांची दुसरी आंतरराष्ट्रीय परिषद भरली. विषय: कमीत कमी किती जागेत माणूस माणसासारखा राहू शकतो? पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीत घरांची प्रचंड टंचाई होती. फ्रँकफर्टमध्ये एर्न्स्ट मे हा शहराचा वास्तुकार हजारो घरं उठवत होता, आणि परिषदेत देशोदेशीच्या छोट्या घरांचे नकाशे एकाच मापात काढून भिंतीवर लावले होते. कळस नाही, कमान नाही, नुसते नकाशे. आज सांगली-मिरजेत कुणीही वन बीएचकेचा नकाशा घेऊन बसतो आणि पॅसेज वाया जातोय म्हणून कुरकुरतो, तो याच प्रश्नाशी झगडत असतो.

त्या घरांतलं स्वयंपाकघर मार्गारेटे श्युटे-लिहोत्स्की हिने १९२६ मध्ये आखलेलं. १.९ बाय ३.४ मीटर, म्हणजे आपल्या भाषेत सव्वासहा बाय अकरा फूट. तिने बाई चुलीपासून सिंकपर्यंत किती पावलं टाकते, कशाला किती वेळ लागतो हे मोजून मांडणी केली. नमुना म्हणून रेल्वेच्या डब्यातलं स्वयंपाकघर होतं. बारकावे बघा. तांदूळ, साखर असल्या कोरड्या जिन्नसांना अॅल्युमिनियमचे ओढायचे डबे, पुढे ओतायला चोच. पिठाचा कप्पा मात्र ओकच्या लाकडाचा, कारण त्याने अळ्या लांब राहतात. खिडकीखाली ओटा आणि पुढ्यात फिरतं स्टूल, म्हणजे भाजी बसून चिरायची. अशी दहाएक हजार स्वयंपाकघरं बसवली गेली. आणि गंमत म्हणजे बाईंनी स्वतःच नंतर सांगितलं की तोपर्यंत त्यांनी कधी स्वयंपाक केला नव्हता. त्या स्वयंपाकघरावर टीकाही झाली, एका वेळी एकच बाई आत मावते आणि घरापासून तुटते अशी. टीका खरी आहे. आमच्याकडे सासू-सून दोघी एकदम ओट्याशी असतात. तिथे ते माप चालणार नाही. ओटा बत्तीस इंच की चौतीस, यावरूनच आधी घरात दोन पक्ष पडलेले असतात.

फ्रान्समध्ये पॅरिसजवळ पॉइसीला त्या वर्षी व्हिला साव्वा या घराचं काम चालू होतं, ते १९३१ ला संपलं. ल कोर्बुझिएचं सपाट छत, आडव्या सलग खिडक्या, आणि घर खांबांवर उचललेलं. सपाट छत गळलं. मालकीणबाईंची पत्रं आहेत: हॉलमध्ये पाणी, रॅम्पवर पाणी, गॅरेजची भिंत भिजलेली. मला यात बाईंची बाजू पटते. स्लॅबला उतार आणि वर नीट कोबा नसेल तर आपला एक पावसाळाही पुरेसा आहे, मग वास्तुकार कितीही मोठा असो.

खांबांवरचं घर मात्र सांगलीत वेगळ्या कारणाने पटलं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी सत्तावन्न फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी पंचेचाळीस. गावभागात, मारुती चौकात घरांत पाणी शिरलं. तेव्हापासून लोक स्वतःहून म्हणतात, खाली नुसतं पार्किंग ठेवा. ठेवावं, पण एक सांगतो: नुसत्या खांबांचा मोकळा खालचा मजला भूकंपात सगळ्यात आधी बसतो. २००१ मध्ये अहमदाबादला हेच झालं, आणि १९६७ चं कोयना आपल्याला लांबचं नाही. खाली एक-दोन ठिकाणी काँक्रीटच्या भिंती घ्या, इंजिनिअरकडून हिशोब करून घ्या.

हा आयर्विन पूलही १९२९ चाच, चिंतामणराव पटवर्धनांच्या कारकिर्दीतला. ज्या व्हाइसरॉयचं नाव त्याला दिलं, तोच दिल्लीच्या नव्या व्हाइसरॉय हाउसचा, म्हणजे आजच्या राष्ट्रपती भवनाचा, पहिला रहिवासी. त्याच वर्षी जोधपूरला उमेद भवनाचा पाया घातला गेला, दुष्काळात लोकांना काम मिळावं म्हणून. वास्तुकलेच्या जागतिक इतिहासात आमच्या पुलाला ओळसुद्धा मिळणार नाही, पण ऑगस्टमध्ये पाऊस लागला की अख्खी सांगली त्याच्यावरचे आकडे वाचत असते. हा मान क्रायस्लरच्या कळसालाही नाही.

बाकीचं भराभर: लॉस एंजेलिसला नॉयट्राचं लव्हेल हेल्थ हाउस, पोलादी सांगाड्यावर उभं, मॉस्कोत मेल्निकोव्हचं स्वतःचं घर, एकमेकांत घुसलेले दोन गोल बुरूज, फ्रान्सच्या समुद्रकाठी आयलीन ग्रेचं ई-१०२७ नावाचं घर, ज्याच्या भिंतींवर ल कोर्बुझिएने नंतर तिला न विचारता चित्रं काढली. दुसऱ्याच्या प्लॅस्टरवर हात चालवायची खोड थोरामोठ्यांनाही असते.

एकच बघायचं तर? लोक बार्सिलोना सांगतील. मी म्हणेन फ्रँकफर्टला जा. तिथे रोमरश्टाट वसाहतीत एर्न्स्ट मेच्या काळातलं एक घर संग्रहालय म्हणून मूळ रूपात आणलंय, आत ते स्वयंपाकघर आहे आणि मागे बाग. वसाहत १९२९ च्या थोडी आधीची, पण परिषदेत ज्यावर बोलणं झालं ते तिथे हात लावून बघता येतं. जाताना मोजपट्टी न्या. ओट्याची उंची इंचात मोजून मला इथे कळवा, एका गिऱ्हाइकाच्या घरचा वाद मिटवायचाय.