वर्गात सगळं कळतं, मग पेपरात कुठे जातं?

‘मॅडम, वर्गात सगळं कळतं. घरी वाचते तेव्हाही येत असतं. पेपर हातात पडला की डोकं कोरं. माझी स्मरणशक्तीच कमी आहे का?’

समुपदेशनासाठी माझ्याकडे येणाऱ्या मुलामुलींचं हे नेहमीचं गाऱ्हाणं. कुठल्याही विषयाबद्दल ऐकू येतं, पण मानवी भूगोलासारख्या विषयात त्याला एक वेगळी खोच असते. गणितात फसवणूक फार काळ टिकत नाही. रात्री गणित अडलं की कळतंच, आपल्याला येत नाही. मानवी भूगोलात काही अडतच नाही. माणसं, वस्ती, रस्ते, शेती, बाजार, सगळं जन्मापासून पाहिलेलं. ‘लोक कामाच्या शोधात घर सोडतात’ हे वाक्य कोणाला कळणार नाही? कळल्यासारखं वाटतं आणि तिथेच गाडी फसते.

जिच्याबद्दल लिहितेय ती मुलगी आईबरोबर आली होती. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) आईचा सूर वैतागाचा. ‘सोपा म्हणून हाच विषय घेतला ना गं? मग यातच कसे मार्क जातात?’ मुलगी नखं खुडत बसलेली. आईंना थोडा वेळ बाहेर बसायला सांगितलं.

आधी मला काही गोष्टी बाजूला काढायच्या होत्या. झोप नीट लागते का, परीक्षेच्या वेळी छाती धडधडते का, हात कापतात का, बाकीच्या विषयांतही असंच होतं का. भीती हे मूळ असेल तर आधी त्या भीतीवर काम करावं लागतं. अभ्यासाच्या युक्त्या सांगून भागत नाही. तिच्या बाबतीत तसं नव्हतं. बाकीचे पेपर ठीकठाक गेले होते. आवडत्या विषयातच गुण कमी, म्हणून ती जास्त दुखावली होती.

मी म्हणाले, ‘कालचा भूगोलाचा तास मला सांग.’

तिने रंगवून सांगितला. सरांनी फळ्यावर दोन लोकसंख्या मनोरे काढले (कुठल्या वयाची किती माणसं, याच्या एकावर एक रचलेल्या पट्ट्या), एक तळाशी रुंद, दुसरा मधे फुगलेला. देशांची नावं लिहिली नाहीत. विचारलं, पुढच्या वीस-तीस वर्षांत यातल्या कुठल्या देशाला शाळा जास्त लागतील आणि कुठल्या देशाला म्हाताऱ्यांसाठी दवाखाने? मागच्या बाकावरून आरडाओरडा, मग भांडण, मग हशा. हिनेही दोनदा तोंड घातलं होतं.

‘छान. मग तळ रुंद म्हणजे काय?’

‘तरुण देश.’

‘कशावरून?’

ती थांबली. ‘सर म्हणाले तसं.’

मनोऱ्याचा तळ म्हणजे सर्वांत लहान वयोगट, तो रुंद म्हणजे जन्म जास्त, ही एवढी साखळी तिला सांगता आली नाही. तास आवडला होता, भांडण आठवत होतं, निष्कर्षही आठवत होता. मधलं कारण तेवढं गळालं होतं. आणि पेपरात तर कारणच विचारतात.

मग तिने वही काढली. चार रंगांचे हायलायटर, शीर्षकांना दुहेरी रेघ, प्रत्येक आकृतीला पट्टीने आखलेली चौकट. लोकसंख्या संक्रमणाचं, म्हणजे देशाचे जन्मदर आणि मृत्युदर काळाबरोबर कसे उतरतात त्याचं पान तर पाहत राहावं असं. मी ते मिटायला सांगितलं आणि कोरा कागद पुढे केला. ‘हीच आकृती काढ.’

तिने पटकन अक्ष आखले. डावीकडे जन्मदर आणि मृत्युदर दोन्ही वर, उजवीकडे दोन्ही खाली. इथवर बरोबर. मधे मात्र तिने जन्मदराची रेघ आधी खाली आणली आणि मृत्युदराची नंतर.

मी चूक आहे म्हटलं नाही. विचारलं, ‘तुझ्या या मधल्या भागात लोकसंख्येचं काय होतंय?’

ती बराच वेळ बघत राहिली. ‘मरणारे जास्त, जन्मणारे कमी... म्हणजे घटतेय.’ मग एकदम, ‘पण इथे तर लोकसंख्या झपाट्याने वाढते ना?’

‘मग कुठली रेघ आधी खाली यायला हवी?’

खोडून तिने रेघा बदलल्या. मी विचारलं, असं का होत असेल? इथे तिने डोकं चालवलं. स्वच्छ पाणी आलं, गटारं झाली, लस आली, अन्नपुरवठा नियमित झाला की मृत्यू लगेच कमी होतात, कारण मरायचं कोणालाच नसतं. मुलं किती हवीत हा मात्र घराघरातला निर्णय. मुली शिकायला लागणं, जन्मलेली मुलं जगतील याचा भरवसा येणं, याला वेळ लागतो. म्हणून जन्मदर मागून उतरतो आणि मधल्या फटीत लोकसंख्या वाढते. यातलं जवळपास सगळं तिनेच सांगितलं. वहीत ते हिरव्या रंगात अधोरेखित होतं, पण तिथून ते एकदाही तिच्या तोंडून बाहेर आलेलं नव्हतं.

‘म्हणजे माझी स्मरणशक्ती...’

‘तिला काही झालेलं नाही.’

गाणं कानावर पडल्यावर ओळखता येणं वेगळं आणि ते स्वतः म्हणता येणं वेगळं. वही वाचताना ओळख पटते, आणि ती ओळख आपल्याला ‘येतं’ असं वाटायला लावते. पेपरात समोर वही नसते. तिथे ओळखायचं नसतं, आठवून काढायचं असतं. आणि त्याचा सराव तिने कधी केलाच नव्हता. २००६ साली रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांवर केलेला प्रयोग मी अशा मुलांना नेहमी सांगते. काहींनी उतारा पुन्हापुन्हा वाचला, काहींनी वाचून तो न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी तपासलं तर वाचणारे पुढे. आठवड्याने तपासलं तर आठवून लिहिणारे पुढे. वाचणाऱ्याला रात्री बरं वाटतं ते खोटं नसतं, फक्त ते परीक्षेपर्यंत पुरत नाही.

विसरण्याचा वेगही मुलांना धक्का देतो. हेर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने अर्थहीन अक्षरजुळण्या स्वतः पाठ करून, किती वेळात किती विसरतो हे मोजलं आणि १८८५ साली छापलं. सर्वांत मोठी गळती पहिल्या काही तासांतच होते. म्हणून आम्ही ठरवलं, तास ज्या दिवशी झाला त्याच दिवशी, पुस्तक उघडायच्या आधी, कोऱ्या कागदावर दहा मिनिटं. काय सांगितलं गेलं, तसं का होतं, आणि कुठे तसं होत नाही.

शेवटचा प्रश्न मी मुद्दाम घातला. मानवी भूगोलात पाठांतर करणारी मुलं नेमकी तिथे सापडतात. फॉन थ्युनेन या जर्मन अर्थतज्ज्ञाने १८२६ साली शेतीची वर्तुळं मांडली, म्हणजे शहरापासून किती अंतरावर कुठली शेती होते ते, पण ती मांडताना गृहीत धरलं की मधे एकच शहर आहे, चहूकडे सारखीच जमीन आहे, माल गाडीवानाने न्यायचा आहे. गावं-शहरं एकमेकांपासून किती अंतरावर वसतात हे सांगणाऱ्या, भूगोलतज्ज्ञ ख्रिस्टालरच्या १९३३ सालच्या केंद्रस्थान सिद्धांतातले षटकोन सपाट, सगळीकडे सारख्या प्रदेशावर बसतात. पुस्तकात ही गृहीतकं आरंभीच असतात आणि मुलं ती ओलांडून थेट आकृतीवर जातात. ‘परीक्षण करा’ असा प्रश्न आला की मग लिहायला काही उरत नाही. गृहीतक घ्या, विचारा, हे नसेल तर काय? मधून नदी गेली तर? रेल्वे आली तर? अर्धं उत्तर तिथेच तयार होतं.

तिने तपासलेली उत्तरपत्रिकाही आणली होती. प्रश्न साधारण असा होता की, एखाद्या देशाची लोकसंख्येची घनता फार नसूनही शेतजमिनीवर प्रचंड ताण का असू शकतो? तिने घनतेचे सगळे प्रकार व्याख्यांसकट लिहिले होते, पान भरून. गुण अर्ध्याहून कमी. तिला हा अन्याय वाटत होता. माझ्या मते तपासणाऱ्याने दिले ते ठीकच दिले. मी इजिप्तचं उदाहरण घेऊन तिलाच हिशेब करायला लावला. क्षेत्रफळ सुमारे १० लाख चौरस किलोमीटर, लोकसंख्या १० कोटींच्या वर. एका चौरस किलोमीटरमागे शंभरावर माणसं, फार नाही. आता वाळवंट वजा कर. लोक आणि शेती जवळजवळ सगळी नाईलच्या काठाने आणि त्रिभुज प्रदेशात, देशाच्या अगदी छोट्या हिश्श्यात. तोच भागाकार फक्त लागवडीच्या जमिनीने केला की आकडा हजारांत जातो. ‘इतकंच लिहायचं होतं?’ ती म्हणाली. हो, इतकंच.

पुढे एकदा ती वेगळ्याच मूडमध्ये आली. वर्गात स्थलांतर सुरू झालं होतं. प्रत्येकाने आपलं कुटुंब कुठून कुठे आलं ते नकाशावर दाखवायचं होतं. ही म्हणाली, ‘आम्ही इथलेच.’ खरं तर ते लोक ती लहान असताना आधी जवळच्या एका छोट्या शहरात आणि मग इथे आले होते, वडिलांचं काम गेल्यामुळे. फळ्यावर ‘ढकलणारी कारणं’ म्हणून गरिबी, बेकारी अशी यादी लिहिली जात होती आणि तिला वाटत होतं, माझ्याच घराबद्दल चाललंय. त्या तासातलं एक अक्षर तिच्या कागदावर उतरलं नाही.

हे विस्मरण अगदी वेगळं. मी सांगितलं, वर्गात घरचं सांगितलंच पाहिजे असं नाही. सरांना एकटं गाठून ‘मला दुसरं उदाहरण चालेल का’ विचारता येतं. शिक्षकांनाही माझं सांगणं आहे, असा नकाशा करून घ्यायचाच असेल तर शेजाऱ्याचा, ओळखीच्याचा, कोणाचाही प्रवास चालेल असं आधी सांगा. मुलं मोकळी होतात आणि तासाचं काही बिघडत नाही.

मग आम्ही स्थलांतराचा अभ्यास करणारा भूगोलतज्ज्ञ रॅव्हनस्टाइन काढला. त्याचा स्थलांतराच्या नियमांवरचा गाजलेला निबंध १८८५चा, ब्रिटनच्या जनगणनेवर आधारलेला. बहुतेक लोक जवळच्या जवळच जातात, टप्प्याटप्प्याने सरकतात, आणि प्रत्येक प्रवाहाला एक उलटा प्रवाह असतो, असं त्याने दाखवलं. आणि हा माणूस स्वतः फ्रँकफर्टमध्ये जन्मलेला, तरुणपणी इंग्लंडला येऊन स्थायिक झालेला. हे ऐकून ती हसली. ‘म्हणजे आम्ही टप्प्याटप्प्याने आलो ते नियमातच बसतं.’ वर्गात तिने पुढेही काही सांगितलं नाही. मी कधी विचारलंही नाही.

गुणांचं विचाराल तर पुढच्या चाचणीत ते वाढले, पण आईंना हवे होते तितके नाहीत. कारणं लिहायला वेळ लागतो आणि शेवटचा प्रश्न अर्धा सुटला. आईंचा फोन आला, ‘आता रोज घड्याळ लावून लिहायला बसवू का?’ मी म्हटलं, बसवू नका. संध्याकाळी पाच मिनिटं द्या आणि ‘अभ्यास झाला का’ ऐवजी ‘आज काय झालं वर्गात, मला समजावून सांग’ म्हणा. मधेच ‘असं का?’ विचारा. तुम्हाला उत्तर माहीत नसलं तरी चालतं, उलट बरंच. वेळेचं गणित आम्ही दोघी पुढच्या भेटींत बघतोय.